चढताना पहिल्या पाचात, उतरताना सगळ्यात मागे

"ताई, मी ४३ वर्षांची. रोज सकाळी सहा किलोमीटर भरभर चालते, त्यामुळे स्टॅमिना बरा आहे असा माझा समज होता. मागच्या महिन्यात ऑफिसच्या ग्रुपबरोबर एक दिवसाचा ट्रेक केला, १८ किलोमीटर, १२०० मीटर चढाई, सगळी वाट दगडधोंड्यांची. लीडर म्हणाला होता सहा तासांत खाली येऊ. आठला निघालो, माथ्यावर पोचायला अडीच वाजले, पण चढताना मी पहिल्या पाचात होते! उतरताना काय झालं कळलंच नाही. तासाभरात पाय कापायला लागले, गुडघे दुखायला लागले, दोनदा घसरले, शेवटी बुड टेकत टेकत उतरले. सगळे पुढे जाऊन थांबायचे, मी पोचले की निघायचे. एकाच्या बुटाचा सोल मध्येच सुटला तो लेसने बांधला. खाली यायला साडेसात वाजले, मोबाइलच्या टॉर्चवर. लीडर सगळ्यांसमोर म्हणाला, फिटनेस नसेल तर येऊ नये माणसाने. आता आठ आठवड्यांनी २२ किलोमीटर आणि १४०० मीटर चढाईचा ट्रेक ठरतोय. नवरा म्हणतो कशाला ही हौस. जाऊ का नको? आणि अंगठ्याचं नख काळंनिळं झालंय त्याचं काय करू?
– सगळ्यात मागची"

अगं, पत्र वाचताना तुझ्या गुडघ्यांपेक्षा मला तुझ्या त्या लीडरचीच जास्त काळजी वाटली, पण त्याच्याकडे नंतर येते.

जा. माझं उत्तर जा असंच आहे, फक्त दोन अटींवर. एक म्हणजे या आठ आठवड्यांत पाय उतरणीसाठी तयार करायचे, चढणीसाठी नाही, ती तुला येते. आणि दुसरी म्हणजे निघायच्या आधी लीडरशी बोलायचं, निघायच्या सकाळी नाही, आत्ता. तो ऐकणार नसेल तर त्या ग्रुपबरोबर जाऊ नकोस, दुसरा ग्रुप शोध.

आता तुझं झालं काय ते सांगते. चढताना छाती भरून येते, धाप लागते, त्यामुळे आपण थांबतो, पाणी पितो, शरीर आपणहून सांगत असतं की बाई दमलीस. उतरताना श्वास एकदम शांत, गप्पा मारता येतात, म्हणून वाटतं की आता काय, आता आरामच आहे. आणि नेमकं त्याच वेळी मांडीचे पुढचे स्नायू प्रत्येक पावलाला तुझं सगळं वजन अधिक सॅकचं वजन ब्रेक लावून धरत असतात. म्हणजे स्नायू आवळत नसतो, उलट ताणला जात असतो आणि ताणला जाता जाताच जोर लावत असतो, आणि या कामात त्याच्या बारीक बारीक तंतूंना इजा होते. ती लगेच दुखत नाही. एक-दोन दिवसांनी दुखते, म्हणूनच ट्रेकनंतर सोमवारी माणूस जिना चढून जातो आणि उतरताना कठड्याला लटकतो. तुझं सकाळचं चालणं झकास आहे, ते सोडू नकोस, पण सपाट रस्त्यावर या ब्रेकची सवय होतच नाही. चढण तू छातीच्या जोरावर मारलीस, उतरणीत सगळं मांडीवर आलं आणि मांडीने कधी हे काम केलेलंच नव्हतं. यात फिटनेस नाही असं म्हणण्यासारखं काहीच नाही.

माझंही झालंय हे, आणि माझं तर तुझ्यापेक्षा जास्त हसं झालं होतं. मी तेव्हा पस्तिशीत, वर पोचल्यावर दोघीतिघींना चल चल काय बसलात म्हणून हिणवलं होतं, आणि उतरताना अर्ध्या वाटेत एका गुडघाभर उंचीच्या दगडावरून खाली पाय टाकायचा होता तर पाय जाईचना. डावा पाय दगडावर, उजवा हवेत, आणि डावी मांडी अशी लटलट कापतेय की सॅकला लावलेला चहाचा मग त्या तालावर खडखड वाजतोय. मागून येणारी, जिला मी हिणवलं होतं तीच, म्हणाली, काकू हात देऊ का. पस्तिशीत काकू! गुडघ्यापेक्षा ते जास्त लागलं.

तर तयारी. चांगली गोष्ट ही की स्नायू हे काम फार पटकन शिकतो. एकदा नीट दुखून बरा झाला की तेच काम दुसऱ्यांदा केल्यावर बरंच कमी दुखतं आणि हा फायदा काही आठवडे टिकतो. म्हणजे तुला रोज डोंगर लागत नाही, जिना पुरतो. आठवड्यातून दोनदा, दहा मजले उतरायचे, वर जायला लिफ्ट खुशाल वापर, लोक हसले तर हसू देत. दोन आठवड्यांनी पंधरा मजले, मग वीस, मग पाठीवर सॅक, त्यात पाण्याच्या दोन-तीन बाटल्या. आणि घरी एक साधा व्यायाम, मला विचारशील तर सगळ्यात उपयोगी तोच. पायरीच्या कडेला एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय खाली सोडायचा आणि मनात चार आकडे मोजत मोजत, धपकन नाही, टाच खालच्या पायरीला नुसती टेकवायची आणि परत वर. एका पायाने आठ-दहा वेळा, मग दुसऱ्या. समोर आरसा ठेव आणि गुडघ्याकडे बघ, तो पायाच्या बोटांच्या रेषेत राहिला पाहिजे, आत कलंडत असेल तर पायरी कमी उंचीची घे. पहिल्या खेपेनंतर दोन दिवस दुखेल, ते धर हिशोबात. पाचव्या-सहाव्या आठवड्यात एखादा खरा डोंगर कर ज्याला सहाशे-सातशे मीटर उतरण आहे, आणि मग शेवटचे आठ-दहा दिवस जोराची उतरण बंद. बरेच जण आदल्या आठवड्यात घाबरून दणादण जिने करतात आणि दुखऱ्या मांड्या घेऊन ट्रेकला येतात.

एक मात्र आहे. गुडघा सुजला असेल, मध्येच अडकत असेल, किंवा चालता चालता एकदम दगा देऊन दुमडत असेल, तर हे सगळं राहू दे आणि आधी हाडांच्या डॉक्टरला दाखव. नुसतं दुखणं वेगळं आणि हे वेगळं.

आता दगडावर उतरायचं कसं. तू दोनदा घसरलीस म्हणतेस, मी पैजेवर सांगते दोन्ही वेळा तू मागे रेललेली होतीस. भीती वाटली की शरीर आपोआप डोंगराकडे रेलतं, वजन टाचेवर जातं, तळव्याचा पुढचा भाग उचलला जातो आणि बूट सटकतो, मग बसकण. उलट करायचं. गुडघे थोडे वाकलेले, नाक पायाच्या बोटांच्या वर, आणि कातळावर अख्खा तळवा सपाट टेकवायचा. जितकं रबर दगडाला लागेल तितकं धरेल. पावलं छोटी, अगदी चिमणीची म्हण हवं तर, एका मोठ्या ढांगेऐवजी दोन छोट्या, कारण मोठ्या ढांगेत गुडघा जास्त वाकतो आणि सगळं वजन एकदम एका पायावर आपटतं. नजर पायापाशी नको, तीन-चार पावलं पुढे, म्हणजे पुढची जागा आधीच ठरलेली असते.

सुटा दगड असेल तर वजन टाकायच्या आधी पायाने हलवून बघ, बोलला तर सोड. ओला कातळ, त्यावर शेवाळ किंवा काळपट थर असेल तर कितीही भारी बूट असू दे, विश्वास नको. आणि घसाऱ्याच्या वाटेवर, जिथे सगळी बारीक खडी आणि मुरूम पायाखालून वाहत असतो, तिथे एकाच्या डोक्यावर एक असं सरळ रेषेत उतरायचं नाही, वरच्याचा दगड खालच्याला लागतो. कोणाच्याही पायाने दगड सुटला की लाज न बाळगता "दगड" म्हणून ओरडायचं.

बुड टेकून उतरलीस त्याची लाज वाटतेय तुला असं पत्रावरून दिसतंय. उंच टप्पा असेल, खाली पाय ठेवायला नीट जागा असेल, तर बसून उतरणं हे शहाणपणाचं, मी अजूनही करते, माझ्या दोन पँटी साक्षीला आहेत. फक्त तिरप्या गुळगुळीत कातळावर बसू नकोस, तिथे बसलं की पायावरचं वजन जातं, पकड जाते आणि घसरगुंडी होते. आणि फारच खडा टप्पा असेल तर डोंगराकडे तोंड कर आणि शिडी उतरल्यासारखं उतर, दोन हात दोन पाय यातले तीन कायम टेकलेले, एका वेळी एकच हलवायचा.

ट्रेकिंगच्या काठ्या घे, लांबी कमी-जास्त करता येते त्या, दोन. एक काठी म्हणजे एकाच बाजूला आधार. उतरताना चढणीपेक्षा थोड्या लांब करायच्या आणि पायाच्या आधी खाली टेकवायच्या, गुडघ्यावर येणारा भार त्यामुळे खरंच कमी होतो. पण हात वापरायची वेळ आली की काठ्या सॅकला, मनगटाला लटकत ठेवून कातळ उतरणं म्हणजे स्वतःच्याच पायात काठी घालणं.

तुमच्या त्या सोल निघालेल्या माणसाला माझा नमस्कार सांग आणि विचार, बूट किती वर्षं कपाटात होते? बऱ्याच बुटांच्या सोलमध्ये मधला मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो, तो हवेतला दमटपणा शोषून हळूहळू कुजतो, न वापरताही कुजतो, बाहेरून बूट नवाकोरा आणि आतून भुगा. म्हणून जुने बूट ट्रेकच्या आधी दोन-तीन वेळा घालून चालायचे, सुटायचे ते घराजवळच सुटू देत. नुसत्या तळव्यावर किती अवलंबून असतं बघ, एके काळी डोंगरातले लोक खिळे ठोकलेले बूट घालायचे. १९३५ मध्ये आल्प्समध्ये एका मोहिमेत सहा जण दगावले आणि त्या मोहिमेतल्या व्हिताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाने दोन वर्षांत खोल खाचांचा रबरी सोल बाजारात आणला, आज आपल्या सगळ्यांच्या बुटाखाली त्याचीच वंशावळ आहे. तर निदान तो सोल बुटाला चिकटलेला आहे का एवढं तरी बघायला हवं ना आपण.

आणि लेस. उतरायला लागायच्या आधी दोन मिनिटं बसायचं, लेस सोडायची, टाच जमिनीवर ठोकून पाय बुटात पूर्ण मागे सरकवायचा आणि मग घोट्यापाशी घट्ट आवळायचं, बोटांपाशी सैल राहिलं तरी चालेल. हे केलं नाही की प्रत्येक पावलाला पाय पुढे सरकतो आणि अंगठा बुटाच्या टोकावर आपटतो, दिवसभरात काही हजार वेळा. तुझ्या नखाची कहाणी ही आहे. नखं दोन-तीन दिवस आधी कापायची, आदल्या रात्री नको, फार खोलवर कापली गेली तर ती वेगळी दुखतात.

आता एक गोष्ट तू लिहिलेली नाहीस पण मी विचारणार. दिवसभरात पाणी किती प्यायलीस? बायका ट्रेकला पाणी पीत नाहीत कारण जायचं कुठे हा प्रश्न असतो, आणि मग दुपारनंतर पायात गोळे, डोकं जड, आणि पाऊल कुठे पडतंय याचं भान कमी. साधारण तासाला अर्धा लिटर धर, ऊन असेल तर जास्त, आणि तहान नसताना उगाच लिटरच्या लिटर साधं पाणीही ओतू नकोस, रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही वाईट. थोडं खारट काहीतरी बरोबर असू दे आणि दर तासाला दोन घास खा, माथ्यावर पोचून एकदम जेवण असं नको. जायच्या प्रश्नाचं म्हणशील तर ग्रुपमधल्या एकीला आधीच सांगून ठेवायचं, एक जण वाटेकडे तोंड करून उभी, दुसरी आडोशाला, ओढ्या-झऱ्यापासून साठेक मीटर लांब, कागद पिशवीत घालून परत. एकदा जमलं की दिवसभराचं ओझं उतरतं.

आता येते तुझ्या लीडरवर.

त्याचे सहा तास कुठून आले ते मला माहितेय. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ढोबळ हिशोब मांडला, तो अजून वापरतात. पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला वर एक तास. तुमचे १८ किलोमीटर म्हणजे तीन तास छत्तीस मिनिटं, १२०० मीटरचे दोन तास, झाले साडेपाचच्या वर, म्हणून सहा. पण हा हिशोब धडधाकट, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आणि बऱ्या वाटेचा. त्यात विश्रांती नाही, दगडधोंडे नाहीत, उतरणीला वेगळा वेळ नाही, आणि पंधरा-वीस जणांचा ग्रुप तर नाहीच नाही. खडकाळ वाटेला मी सरळ दीडपट करते आणि वर दीड तास बसण्या-खाण्याचा. तुमचे होतात जवळजवळ दहा तास. आठला निघून दहा तासांत म्हणजे सहा वाजता खाली, तेही काही न बिघडता. म्हणजे तू एकही पाऊल टाकायच्या आधीच तुमचा अंधार ठरलेला होता, तू दीड तास उशीर केलास असं फार तर म्हणता येईल आणि त्यातही त्या सोलचा वाटा आहेच.

पुढच्या ट्रेकचं गणित कर. २२ किलोमीटर, १४०० मीटर, नेस्मिथप्रमाणे पावणेसात तास, दीडपट म्हणजे दहा, विश्रांती धरून साडेअकरा. पहाटे पाचला हेडलॅम्प लावून निघालात तर साडेचारला खाली. आठला निघणार असतील तर मी असते तर गेले नसते. आणि परत फिरायची वेळ आधी ठरवायची, दुपारी बारा म्हणजे बारा, जिथे असू तिथून मागे, माथा दिसत असला तरी. दमलेला माणूस माथ्याच्या खाली उभा राहून कधी बरोबर निर्णय घेत नाही, म्हणून तो निर्णय घरी बसून घ्यायचा.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं, "मी पोचले की निघायचे". बघ ना काय होतंय इथे. पुढे गेलेले लोक दहा मिनिटं बसतात, पाणी पितात, फोटो काढतात, ताजेतवाने होतात. तू पोचतेस, चला म्हणून सगळे उठतात. म्हणजे ज्यांना गरज नाही त्यांना दर थांब्यावर विश्रांती आणि जिला गरज आहे तिला अख्ख्या उतरणीत एक मिनिट नाही, वर आपल्यामुळे सगळे खोळंबलेत हे डोक्यात, त्यामुळे तू घाई करतेस, घाईत पाय चुकतो. याला मी फिटनेसचा प्रश्न म्हणणार नाही, हा ग्रुप चालवता न येण्याचा प्रश्न आहे. उतरताना सगळ्यात सावकाश असणाऱ्याला लीडरच्या लगेच मागे ठेवतात, त्याच्या पेसने सगळे चालतात, शेवटी एक अनुभवी माणूस असतो जो कोणालाही आपल्या मागे राहू देत नाही, आणि शेवटचा पोचल्यावर पाच मिनिटं मोजायला सुरुवात होते.

तेव्हा लीडरला मेसेज कर, चिडून नाही, रडून नाही, साधा. "मी आठ आठवडे उतरणीची तयारी करतेय. निघायची वेळ काय, परत फिरायची वेळ काय, आणि उतरताना मला तुमच्या मागे दुसरी ठेवाल का?" एवढंच. तीन प्रश्नांची तीन उत्तरं आली तर जा. "बघू तेव्हा" असं आलं तर तेही उत्तरच आहे.

सॅकमध्ये काय न्यायचं ते तुला माहीत असेल, मी फक्त राहून जाणाऱ्या गोष्टी सांगते. हेडलॅम्प, मोबाइलचा टॉर्च नाही, कारण उतरताना हात मोकळे लागतात आणि मोबाइलची बॅटरी फोनसाठी लागते. एक जादा गरम कपडा, दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं आणि घामेजलेलं अंग वाऱ्यात पटकन गार पडतं. शिट्टी. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट गप्प, मग परत सहा, हा मदतीचा इशारा आहे, घसा बसतो पण शिट्टी बसत नाही. आणि घरी कागदावर लिहून ठेव कुठली वाट, कोण बरोबर, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. नवऱ्याच्या हातात हा कागद दे. "कशाला ही हौस" म्हणणारी माणसं बऱ्याचदा साडेसातपर्यंत फोन लागत नाही म्हणून घरात येरझाऱ्या घालत बसलेली असतात. जमलं तर त्याला जिने उतरायलाही घेऊन जा, दहाव्या मजल्यानंतर तो हौस वगैरे बोलायचा नाही.

नखाचं म्हणशील तर ओढू नकोस. खूप ठसठसत असेल, पू दिसत असेल किंवा तुला डायबेटिस असेल तर डॉक्टर, नाहीतर नुसतं स्वच्छ ठेव, वर आलेली कड कात्रीने काप, बुटात अडकत असेल तर पट्टी लाव. खालून नवं यायला लागलं की ते आपलं आपण सुटेल. अंगठ्याचं पूर्ण नख यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, म्हणजे पुढच्या ट्रेकला ते काळंच असणार आहे, नेलपॉलिश लाव आणि जा.